निष्काम कर्म आणि चाकरी

एकनाथमहाराजांच्या चरित्रातील एका पैची कथा महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाला शाळेत जाण्याच्या वयातच ऐकायला मिळते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. त्यांच्या दफ्तरातील जमाखर्च लिहिण्याचे काम त्यांनी आपल्या तरुण शिष्याकडे सोपवले होते. आणि एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक आला तेव्हा, भुकेचे आणि झोपेचे भान सोडून, तो शिष्य समईच्या उजेडात रात्रभर वह्या चाळीत बसला. उत्तररात्री ती पै सापडली आणि एकनाथांनी आनंदाच्या भरात टाळी वाजवली. केव्हापासून तरी मागे येऊन उभ्या राहिलेल्या स्वामींनी त्यांना विचारले, की एका पैच्या शोधाने एवढा हर्ष होत असेल, तर संसाराच्या हिशेबातील मूळ चूक सापडल्यावर केवढा होईल?

कीर्तनकार येथे साथीदारांना खूण करून गजराकडे वळतात, कारण चित्ताची एकाग्रता प्रपंचाकडून परमार्थाकडे वळवावी एवढे तात्पर्य त्यांना पुरेसे असते, आणि ते खोटेही नाही. परंतु ज्याने आयुष्यातील बरीच वर्षे कचेरीत, हजेरीपटावर सही करीत आणि वरिष्ठांच्या शेऱ्याची वाट पाहत काढली आहेत, त्याचे लक्ष या कथेतील धन्याकडे जाते. किल्ल्याचा मुख्य अंमलदार रात्री उठून कारकुनाच्या खोलीशी आला, त्याने चूक कोणाची याची कैफियत मागितली नाही, कामात व्यत्यय आणला नाही, आणि काम तडीस गेल्यावर त्या कारकुनाला त्याच्या अंगच्या सामर्थ्याची अशी ओळख करून दिली, की त्यातूनच पुढे भागवताचा टीकाकार उभा राहिला. त्या रात्री एकनाथांवर ताण नव्हता असे कोण म्हणेल? पण तो ताण एका समजलेल्या उद्दिष्टाकडे जाणारा होता, तो संपवण्याचा उपाय त्यांच्याच हाती होता, आणि त्याला साक्षीदार होता. हल्लीच्या असंख्य कचेऱ्यांत पैही हरवते आणि रात्रही जागावी लागते. फक्त ती पै कोणाची, ती सापडल्याने कोणाचे काय भले होणार, आणि सापडली हे कोणाच्या लक्षात तरी येणार का, हे विचारण्याची सोय नसते.

कामाचा ताण, धन्याचा आधार आणि चाकरमान्याला आपल्या जिण्यात वाटणारी सार्थकता यांचा परस्परसंबंध हा अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी आणि व्यवस्थापनाच्या पंडितांनी आपल्या ताब्यात घेतलेला विषय असला, तरी मुळात तो धर्मचिंतनाचा विषय आहे असे मला वाटते, आणि धर्मचिंतनाने त्याला दोन उत्तरे देऊन ठेवलेली आहेत. एक असे, की सार्थकता कर्त्याच्या चित्तात असते. सावता माळ्याला अरणच्या मळ्यात जो विठ्ठल भेटला, तो दाखवायला कोणी मुकादम आला नव्हता. दुसरे असे, की चित्त अधांतरी नसते. उपाशी, अपमानित आणि भयग्रस्त माणसाला चित्तशुद्धीचा उपदेश करणे हा उपदेशकाच्या समाधानाचा भाग असतो, ऐकणाऱ्याच्या नव्हे. पहिले उत्तर चाकराने स्वतःला द्यावे आणि दुसरे धन्याने स्वतःला द्यावे, अशी वाटणी झाली असती तर फारसा घोटाळा नव्हता. प्रत्यक्षात वाटणी उलट झाली. धनी चाकराला पहिले उत्तर ऐकवतो, चाकर धन्याला दुसरे ऐकवतो, आणि उत्तरे दोन्ही खरी असूनही ती चुकीच्या तोंडी असल्यामुळे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक. कर्म करण्याचा अधिकार सांगणारा आणि फळावरचा हक्क नाकारणारा हा श्लोक चौकटीत घालून कचेरीच्या भिंतीवर टांगलेला पुष्कळांनी पाहिला असेल; आणि तो बहुधा साहेबाच्या खुर्चीच्या मागे, म्हणजे साहेबाला दिसणार नाही आणि समोर उभ्या राहणाऱ्याला मात्र वाचावाच लागेल, अशा जागी असतो. त्या जागेवरून त्याचा अर्थ सरळ निघतो, की बढती मागू नका, रजा मागू नका, काम किती आणि कशासाठी हे विचारू नका. ज्या ग्रंथाने अर्जुनासारख्या संशयग्रस्त माणसाला अठरा अध्याय प्रश्न विचारू दिले, आणि शेवटी या सर्वाचा पूर्ण विचार करून तुला वाटेल ते कर असे सांगून निर्णय त्याच्यावरच सोपवला, त्या ग्रंथातील एक श्लोक प्रश्न बंद करण्यासाठी वापरला जावा, यासारखा विपर्यास नाही.

लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या प्रश्नाचा जो खल केला आहे, तो आज चाकरीच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. फलाशा सोडणे म्हणजे कर्माच्या परिणामाविषयी बेफिकीर होणे नव्हे. निष्काम पुरुषही कार्याची योजना आखतो, साधने जुळवतो, यशापयशाचा अंदाज घेतो. सुटते ती त्या फळावरची आपल्यापुरती आसक्ती. आणि तिच्या जागी लोकसंग्रह, म्हणजे समाजाचे धारण-पोषण, हा हेतू येतो, असा त्यांचा एकंदर रोख आहे. आता यातून एक गोष्ट ओघानेच निघते आणि ती धन्यांना अडचणीची आहे. आपल्या कामाचे फळ कोणते, ते कोणाच्या पदरात पडते आणि त्याने लोकांचे काही धारण होते की नाही, हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला निष्काम होताच येत नाही. तो केवळ अजाण असतो. त्याग हा हक्काच्या वस्तूचाच संभवतो. जी वस्तू कधी हातात आलीच नाही, तिचा त्याग केल्याचे पुण्य चाकराला मिळत नाही, आणि ती हातात येऊ न देणाऱ्याने त्यागाचा उपदेश करणे याला सरळ भाषेत अपहार म्हणावे लागेल.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर जी प्रवचने दिली आणि जी साने गुरुजींनी उतरवून घेतली, त्यांतील कर्म आणि विकर्म यांचे विवेचन याच दिशेचे आहे. बाहेरच्या कर्माला आतल्या भावनेची जोड मिळाली नाही, तर ते कर्म नुसते ओझे राहते. जोड मिळाली तर त्याचा भारच वाटेनासा होतो. पण तेथेही हे विसरता येत नाही, की बोलणारा त्याच तुरुंगातला कैदी होता. प्रवचन तुरुंगाधिकाऱ्याने दिले असते, तर शब्द तेच राहूनही त्याचा अर्थ काय झाला असता?

उपदेशकाने कोठे उभे राहून बोलावे, याचा निर्णय महाभारतानेच करून ठेवलेला आहे. गीता सांगणारा सिंहासनावर बसलेला नाही. तो घोड्यांचे लगाम हाती घेऊन, रथीपेक्षा हलके मानले गेलेले काम पत्करून बसलेला आहे. आणि तिसऱ्या अध्यायात तो स्वतःचाच दाखला देतो, की मला तिन्ही लोकांत मिळवायचे काही उरलेले नाही, तरी मी कामात आहेच. याहून बोलका प्रसंग द्रोणपर्वात आहे आणि त्याच्याकडे गीतेच्या भाष्यकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. अभिमन्यूच्या वधानंतर सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठे भक्षण करीन, अशी प्रतिज्ञा अर्जुनाने केलेली आहे. मुदत ठरलेली, ती पुढे ढकलण्याची सोय नाही, चुकली तर दंड मरणाचा, आणि जयद्रथ कौरवसेनेच्या अगदी मागल्या बाजूस दडवलेला. अशा दिवशी, युद्ध ऐन भरात असताना, अर्जुन आणि श्रीकृष्ण रथ थांबवतात, कारण घोडे थकलेले आणि बाणांनी घायाळ झालेले आहेत. अर्जुन बाणाने जमीन भेदून पाणी काढतो आणि पायउतार होऊन एकटा शत्रूला थोपवून धरतो. श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण आपल्या हाताने उपटतो, त्यांना खरारा करतो, पाणी पाजतो, चारा घालतो, आणि मग पुन्हा जुंपतो.

व्यासांनी हा प्रसंग घातला नसता तरी कथेचे काही बिघडले नसते. जयद्रथ मारला गेलाच असता. पण ज्याने कर्मयोग सांगितला, त्याला मुदतीच्या दिवशीही मुक्या जनावरांचा थकवा दिसतो, हे दाखवल्याखेरीज तो कर्मयोग पुरा होत नाही, असे त्या कवीला वाटले असावे. मुदत जवळ आली म्हणून थकलेल्या माणसांना अधिक पिटाळणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांतले काही गीतेचे नित्यपाठीही होते. द्रोणपर्वापर्यंत त्यांचे वाचन गेले नव्हते, इतकेच.

आधार म्हणजे काय, हे मात्र मराठीत सर्वांत नेमकेपणाने जनाबाईला कळले होते. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवाची दासी ही तिची ओळख आयुष्यभर राहिली. तिच्या वाट्याला आलेले काम म्हणजे दळणे, कांडणे, झाडणे, शेण गोळा करणे, धुणे. या कामांत विठ्ठल तिच्या मदतीला येतो, हे तिच्या अभंगांचे सार असले, तरी त्या मदतीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. देव सर्वशक्तिमान आहे. एका संकल्पाने पायलीभर धान्याचे पीठ करणे त्याला अशक्य नव्हते. दासीला दास्यातून सोडवून राणी करणेही अशक्य नव्हते. तसे काही तो करत नाही. तो जात्यापाशी, तिच्या समोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. काम तेच राहते, धान्य तेवढेच राहते. पण दोन हातांनी ओढावे लागणारे जाते चार हातांनी फिरू लागते आणि ओवी सुचू लागते. गोपाळपुरास जनीचे म्हणून जे जाते दाखवतात, त्यापुढे वारकरी डोके टेकतात, याचे कारण केवळ चमत्काराची आवड असेल असे मला वाटत नाही. आपल्याला जे कधी मिळाले नाही, ते कोणा एकीला मिळाले होते, ही ओळख त्यात असावी.

तथापि या कथेचा सोयीस्कर उपयोगही होऊ शकतो, आणि तेथे सावध राहिले पाहिजे. देव दळायला आला हे खरे मानले, तर त्याचा दुसरा अर्थ असा, की त्या घरातले दुसरे कोणी आले नव्हते. चोखोबांच्या बाबतीत तर हा अर्थ अंगावर येतो. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करण्यासाठी त्यांना नेण्यात आले. ते काम चालू असताना, १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. पुढे नामदेवांनी तेथे जाऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या त्यांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. ज्याला हयातीत त्या द्वाराच्या आत प्रवेश नव्हता, अशा माणसाच्या हाडापर्यंत सार्थकता मुरलेली होती, एवढी साक्ष यातून मिळते. पण ती साक्ष ज्यांनी त्याला त्या भिंतीखाली उभे केले त्यांच्या बाजूने वापरता येत नाही. संतांनी वेठबिगारीतही अर्थ निर्माण केला, हा संतांच्या थोरवीचा पुरावा आहे. त्यावरून वेठबिगारी सुसह्य होती असा निष्कर्ष काढणारा माणूस वकील म्हणून हुशार असेल, भक्त म्हणून त्याला कोणी ओळखणार नाही.

चित्ताच्या सामर्थ्यावर भिस्त ठेवून व्यवस्था तशीच राहू द्यायची नाही, हा विचार मराठी मुलखात संघटितपणे प्रथम मांडला तो मुंबईच्या गिरण्यांतून. जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि काही काळ स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संस्था काढली. त्या वेळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत आणि आठवड्याची ठरावीक सुट्टी अशी नव्हतीच. रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांनी जी कारणे पुढे केली, त्यांत आरोग्य आणि विश्रांती यांच्या जोडीला एक कारण असे होते, की रविवार हा खंडोबाचा वार आहे. पुष्कळ सुशिक्षितांना हे कारण केवळ युक्तीचे वाटते. मला ते सर्वांत गंभीर वाटते. शरीर थकते म्हणून सुट्टी द्या, असे म्हणणारा माणूस अजून यंत्राच्याच हिशेबात बोलत असतो, कारण यंत्रालाही तेलपाण्यासाठी थांबवावे लागते. आमचा एक दिवस देवाचा आहे, असे म्हणणारा माणूस धन्याला सांगत असतो, की सात दिवसांवर तुझी मालकी नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दत्तभक्तीखातर गुरुवारी कचेरी बंद असे, ही आख्यायिका खरी धरली, तर किल्लेदाराने आपखुशीने जे दिले, ते तीनएकशे वर्षांनी कामगारांना संघटना करून मागून घ्यावे लागले.

याच गिरण्यांत, आपले काम हाच आपला धर्म या समजुतीचे दुसरे, काळे अंगही होते. विणाई खात्यात पगार बरा मिळे. पण तेथे कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि म्हणून त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेऊ दिले जात नसे. हा मनाईहुकूम मालकापेक्षा सोबतच्या कामगारांच्या विटाळकल्पनेवर अधिक उभा होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला, तेव्हा समान शत्रूविरुद्ध एक झालेल्या श्रमिकांची एकजूट एका सुताच्या धाग्याशी येऊन अडली. पुढे १९३६ साली त्यांनी जातिसंस्थेवर जो प्रबंध लिहिला, त्यात चातुर्वर्ण्य म्हणजे श्रमविभाग, हे समर्थन खोडताना त्यांनी दाखवून दिले, की ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच उतरंड आहे. आणि जे काम माणसाने निवडलेले नाही, ज्याला समाज हलके मानतो आणि ज्यातून सुटता येत नाही, त्यात त्याचे मन रमणार नाही, बुद्धी चालणार नाही, ते तो टाळण्याचाच प्रयत्न करील. स्वकर्मानेच ईश्वराची पूजा होते, हा अठराव्या अध्यायातला विचार आणि ज्ञानदेवांनी कर्मालाच फुलांच्या ठिकाणी मानून त्याला दिलेले लावण्य मला अतिशय प्रिय आहे. पण आंबेडकरांच्या या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय तो विचार चाकरीच्या जगात उच्चारण्याचा अधिकार कोणाला उरलेला आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. फूल वाहणाऱ्याने खुडलेले असावे लागते.

उदार धन्यांचा इतिहासही आपल्याकडे आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि कायद्याची सक्ती नसताना १८८६ साली तेथे निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. पुढे उभ्या राहावयाच्या पोलादनगरीविषयी त्यांनी १९०२ साली मुलाला जे पत्र लिहिले, त्यात रुंद रस्ते, सावलीची झाडे आणि खेळाची मैदाने यांच्या जोडीने मंदिर, मशीद आणि चर्च यांसाठीही जागा राखून ठेवण्यास सांगितले. आणि त्या कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवले. हे सर्व घडवणाऱ्यांना माणसाचे मोल कळत होते यात संशय नाही. पण त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली संप झाले. धन्याने एवढे दिले तरी हे कृतघ्न का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल, आणि त्याचे उत्तर देणग्यांच्या यादीत सापडण्यासारखे नाही. घर मिळते, दवाखाना मिळतो, देऊळही मिळते. पण आपले म्हणणे विचारात घेतले जाईल की नाही हे धन्याच्या मर्जीवर राहते, तोवर चाकराच्या मनात कृतज्ञता आणि मानहानी एकाच खोलीत राहतात.

या मानहानीचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे माप पुढे इंग्लंडात घेतले गेले. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉल येथील सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली, आणि सर मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष मांडले, तेव्हा असे दिसले, की सर्वांत खालच्या हुद्द्यावरील माणसांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या हुद्द्यापेक्षा सुमारे तिप्पट होते. ही माणसे दरिद्री नव्हती, उघड्यावर राहत नव्हती, त्यांची नोकरी पक्की होती. धूम्रपान, रक्तदाब वगैरे नेहमीची कारणे हिशेबात धरूनही फरकाचा थोडाच भाग उलगडत होता. हुद्द्याची शिडी उतरत जावे तसतसा मृत्यू पायरीपायरीने जवळ येत होता. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीने याचा एक दुवा दाखवला, की आपल्या कामावर आपला ताबा किती, या प्रश्नाचा हृदयविकाराशी संबंध आहे. अमेरिकेत रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ सालीच असे मांडले होते, की कामाचा बोजा एकट्याने माणसाला मोडत नाही. बोजा मोठा आणि निर्णयाची मोकळीक लहान, असा योग आला की मोडतो. बोजाच घातक असता तर सर्वांत आधी मोठे साहेब गेले असते, आणि आपल्या कामाच्या रगाड्याविषयी ते जेवढे बोलतात तेवढे शिपाई बोलत नाहीत, हेही खरे आहे.

सिमॉन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ या निष्कर्षाला वेगळ्या मार्गाने, आणि बरीच आधी, पोहोचली होती. शाळेत तत्त्वज्ञान शिकवण्याचे काम बाजूला ठेवून १९३४-३५ साली ती कारखान्यांत सामान्य मजूर म्हणून राबली, ते श्रमिकांची दैन्यावस्था आतून कळावी म्हणून. आणि तिला सर्वांत असह्य झाले ते हे, की यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यायचे असेल तर विचार करणे थांबवावे लागते, आणि ते थांबले की बंड करावेसे वाटण्याऐवजी माणूस मुकाट होतो. ताणाचा हा परिणाम आपल्याकडच्या वेदान्त्यांनी लक्षात घ्यायला हवा. सुखदुःखे समान मानणारा स्थितप्रज्ञ आणि सुखदुःखे जाणवेनाशी झालेला माणूस हे लांबून एकसारखेच शांत दिसतात.

आता जो काळ आला आहे त्यात धन्यांना सार्थकतेचे महत्त्व एकदम पटलेले दिसते. काचेच्या इमारतींतून ध्यानाची शिबिरे भरतात. तणावमुक्तीवर व्याख्यान द्यायला एखाद्या स्वामींना बोलावले जाते. आणि व्याख्यान संपल्यावर श्रोते आपापल्या जागी परत जाऊन रात्री दहापर्यंत राहिलेले काम उरकतात, कारण व्याख्यानाचा वेळ कामाच्या वेळेतून वजा केलेला नसतो. ध्यानाची मी थट्टा करत नाही. पण ज्या हाताने ताण निर्माण केला, त्याच हाताने त्यावरचा उतारा वाटणे आणि ताण मात्र जसाच्या तसा ठेवणे, यात दुखणे चाकराच्या चित्तात आहे, आमच्या व्यवस्थेत नाही, असा एक अनुक्त निवाडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या अतिथकव्याची दखल घेतली, तेव्हा त्याला रोग न म्हणता नोकरीधंद्याशी निगडित घटना म्हटले आणि कामाच्या जागेवरचा न आवरलेला ताण हे त्याचे मूळ सांगितले. स्वामींच्या व्याख्यानात हा तपशील सहसा येत नाही.

याहूनही अवघड प्रकार म्हणजे धन्याने स्वतःच अर्थाचा पुरवठा करण्याचे मनावर घेणे. आपली कंपनी हे एक कुटुंब आहे, आपण सर्व एका महान कार्यासाठी झटत आहोत, ही भाषा हल्ली नेमणूकपत्राबरोबरच हाती पडते. कुटुंबातून एका महिन्याची नोटीस देऊन मुलाला कमी करता येत नाही, हा त्यातला विनोद सोडून देऊ. गंभीर गोष्ट अशी, की माणसाच्या जगण्याचा अर्थ एकदा चाकरीच्या ठिकाणी गहाण पडला, की चाकरी सुटताच त्याच्याजवळ काहीच उरत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतील कितीतरी पुन्हा कधी साच्यापाशी उभे राहिले नाहीत. तरीही गिरणगावातील माणूस पुष्कळ काळ तगून राहिला, कारण त्याचा अर्थ मालकाने दिलेला नव्हता. तो भजनी मंडळात, खाणावळीत, गणेशोत्सवात, गावच्या जत्रेत आणि लाल बावट्याच्या सभांत वाटलेला होता. आजच्या काचेच्या इमारतीतील तरुणाला एवढे कप्पे उरलेले नाहीत. धन्याने त्याला अर्थ देण्याऐवजी संध्याकाळी सहाला घरी जाऊ दिले, तर अर्थाची सोय तो बहुधा स्वतः पाहून घेईल.

शेवटी असेही काम आहे, की ज्याच्या बाबतीत सार्थकतेचा प्रश्न उपस्थित करणे हाच अपराध होय. मैला उचलण्याच्या कामाला गांधीजींनी पवित्र सेवेचे स्थान देऊ पाहिले, आणि ते काम आपल्या आश्रमात स्वतः केले. गाडगेमहाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि मगच रात्री कीर्तनाला उभे राहिले. त्यांना तसे बोलण्याचा अधिकार होता. तरीही आंबेडकरांनी या गौरवाला कठोर विरोध केला; ज्या कामात माणूस जन्माने कोंबला गेला आहे त्याची थोरवी त्यालाच सांगणे हा त्यांच्या मते क्रूरपणा होता; आणि या एका मुद्द्यावर मला त्यांच्या बाजूला उभे राहिल्यावाचून गत्यंतर दिसत नाही. हाताने मैला उचलवून घेण्यास कायद्याने १९९३ साली बंदी केली, २०१३ साली ती अधिक कडक केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात गुदमरून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली, कारण माणसे मरतच होती. येथे धन्याकडून सहानुभूती, आधार, शिबिर किंवा गीतेचा श्लोक यांपैकी काहीच नको आहे. यंत्र विकत घ्यावे, त्याची किंमत अंदाजपत्रकात धरावी, आणि कंत्राटदाराच्या माणसाला मॅनहोलमध्ये उतरवणाऱ्या अंमलदारावर खटला भरावा.